पुढचा पंप २५४ किलोमीटरवर

ग्लेंडॅम्बो हे नाव ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणाच्या थाटात छापलेलं असतं. प्रत्यक्षात तिथे पेट्रोलपंप, मोटेल, बार आणि मागे कॅरॅव्हॅन लावायचं मैदान, एवढाच पसारा. गावाची लोकसंख्या सांगणारी तिथली पाटी प्रवाशांत प्रसिद्ध आहे: मेंढ्या २२,५००, माश्या अंदाजे २०,००,०००, माणसं ३०. पाटी वाचून हसू येतं, मग गाडीचं दार उघडतं आणि माश्यांचा आकडा कमी धरलाय की काय अशी शंका येते. इथून उत्तरेला कूबर पीडी २५४ किलोमीटर. मध्ये पंप नाही, टपरी नाही, वस्ती नाही. मुंबईहून निघालेल्या माणसाला पहिला पंप थेट साताऱ्याला लागावा, तसा हा प्रकार.

हा स्टुअर्ट हायवे. दक्षिणेला पोर्ट ऑगस्टा, उत्तरेला डार्विन आणि मध्ये २,७०० किलोमीटरहून थोडं अधिक. ॲडलेडहून निघालात तर त्यात आणखी तीनशेची भर. रस्त्याचा उत्तरेकडचा मोठा भाग ज्या नॉर्दर्न टेरिटरीतून जातो, तो प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा. तिथली वस्ती मात्र अडीच लाखांच्या आसपास, आणि तिच्यातलीही निम्म्याहून अधिक डार्विन आणि आसपास. उरलेला मुलूख म्हणजे आउटबॅक. लाल माती, स्पिनिफेक्स गवताचे काटेरी झुपके, खुरटी झुडपं आणि क्षितिजापर्यंत रेघ मारल्यासारखा रस्ता.

आमच्यासारखं लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन या रस्त्याला लागायचं, तर एक गणित आधी समजून घ्यावं लागतं. या मुलखात माणूस कुठे मुक्काम करू शकतो हे पुढचं पाणी किती लांब आहे यावर ठरत आलं आहे. आज पाण्याच्या जागी पेट्रोल आलं, पण गणित तेच राहिलं.

ॲलिस स्प्रिंग्स हे खंडाच्या जवळपास मध्यावरचं शहर. तिथे वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या माणदेशात ज्याला दुष्काळी पाऊस म्हणतात, त्याहूनही हा बराच कमी. शिवाय सरासरी हा शब्द इथे फसवा आहे. दोन वर्षं टिपूस नाही आणि मग चार दिवसांत वर्षाचा हिशेब चुकता, अशी इथल्या पावसाची रीत. विषुववृत्ताकडे वर चढलेली हवा बाष्प गमावून याच अक्षांशांवर खाली उतरते. उतरताना ती तापते आणि कोरडी होते, त्यामुळे ढग धरतच नाहीत. पूर्वेच्या समुद्रावरून येणारं बाष्प तिकडच्या डोंगररांगा अडवतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको.

जमिनीखालचा मामला मात्र निराळा आहे. ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा भूजलसाठा ऑस्ट्रेलियाच्या सुमारे २२ टक्के भूभागाखाली पसरला आहे. मुख्यतः पूर्वेच्या डोंगरउतारांवर मुरलेलं पाणी सच्छिद्र वालुकाश्मातून लाखो वर्षं सरकत पश्चिमेकडे येतं आणि खोऱ्याच्या कडेला, जिथे भेग सापडेल तिथे, स्वतःच्या दाबाने वर येतं. पाण्यातले क्षार साचून त्याभोवती बुटके उंचवटे तयार होतात आणि उंचवट्याच्या माथ्यावर झरा. वाळवंटाच्या कडेने अशा झऱ्यांची एक माळच आहे. ती माळ पाठ असलेले मूळनिवासी हजारो वर्षं तिच्या आधाराने ये-जा करत होते. फ्लिंडर्स रांगांमधला लाल गेरू याच वाटांनी शेकडो किलोमीटर लांब पोचत असे.

जॉन मॅकडुअल स्टुअर्ट हा स्कॉटिश माणूस १८५८ ते १८६२ या काळात सहा मोहिमांवर गेला, तो या झऱ्यांना धरूनच. १८६० मध्ये तो खंडाच्या मध्यावर पोचला. पण आणखी उत्तरेला वारुमुंगू लोकांनी त्याला अडवलं आणि माघारी फिरवलं. अखेर जुलै १८६२ मध्ये त्याने उत्तरेचा समुद्र गाठला. परतताना त्याला स्कर्व्हीने ग्रासलं होतं आणि दृष्टी जवळजवळ गेली होती. दोन घोड्यांच्या मध्ये झोळी बांधून त्याला आणावं लागलं. मात्र साही मोहिमांत त्याने बरोबरचा एकही माणूस गमावला नाही. त्याच सुमारास हाच खंड ओलांडायला मोठ्या लवाजम्याने आणि गाजावाजाने निघालेले बर्क आणि विल्स उपासमारीने मेले. ऑस्ट्रेलियात पुतळे स्टुअर्टचेही आहेत आणि त्यांचेही, दंतकथा मात्र बर्क-विल्सची जास्त रंगते. माझं मत विचाराल तर कुटुंबाची गाडी हाकणाऱ्याने आदर्श म्हणून स्टुअर्ट निवडावा.

स्टुअर्टची वाट कळली आणि दहा वर्षांत तिच्यावरून तार गेली. चार्ल्स टॉड याच्या देखरेखीखाली पोर्ट ऑगस्टा ते डार्विन अशी सुमारे ३,२०० किलोमीटरची तारयंत्राची ओळ ऑगस्ट १८७२ मध्ये जोडली गेली. खांब लागले ३६,०००. उत्तरेकडचे लाकडी खांब वाळवीने पोखरले म्हणून पुढे लोखंडी घालावे लागले. तारेतला विद्युत्प्रवाह अंतरागणिक क्षीण होतो, म्हणून साधारण अडीचशे-तीनशे किलोमीटरवर एकेक ठाणं होतं. तिथे माणूस बसून आलेला संदेश ऐके, उतरवून घेई आणि पुढे पुन्हा वाजवे. ॲलिस स्प्रिंग्स, बॅरो क्रीक, टेनंट क्रीक, डेली वॉटर्स, कॅथरीन ही त्यातलीच ठाणी. आज आपण जिथे पेट्रोल भरायला थांबतो, ती गावं मुळात तारबाबूंची ठाणी आहेत.

ठाण्यांना पीठ, चहा, अवजारं पुरवली उंटांनी, आणि उंट आले कराचीहून. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात उतरलेले हे उंट आपल्याच इलाख्याच्या बंदरातून निघाले होते असं म्हणायला हरकत नाही. १८६६ मध्ये टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने शंभरावर उंट आणि त्यांना हाकणारी माणसं पोर्ट ऑगस्टाला उतरवली आणि धंदा स्थिरावला. उंटवाले बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावर अशा नाना मुलखांचे होते, पण गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट अफगाण ठरवलं. गावाच्या एका कडेला त्यांची वस्ती, मातीची मशीद, खजुराची झाडं. मरी या गावी त्यांच्या खुणा अजून दिसतात. मालवाहू ट्रक आले आणि या माणसांचं काम संपलं. १९२५ मध्ये तर मोकाट उंट मारण्याचा कायदाच दक्षिण ऑस्ट्रेलियात झाला. जन्मभर ज्यांच्या जिवावर पोट भरलं त्या जनावरांवर बंदूक चालवणं अनेकांच्या जिवावर आलं आणि त्यांनी उंट रानात सोडून दिले. त्यांचा वंश आज लाखांच्या घरात आहे. हायवेच्या कडेला उंटाचं चित्र असलेली पिवळी पाटी दिसते, ती पर्यटकांच्या फोटोसाठी नाही. उंट खरोखरच आडवा येतो.

१९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्सला पोचलेली रेल्वेही झऱ्यांच्याच वाटेने गेली, कारण वाफेच्या इंजिनालाही पाणी लागे. पण नद्या कोरड्या म्हणून पूल बेताचे बांधले होते. पाऊस झाला की रूळ वाहून जात आणि ‘द घॅन’ गाडी दिवसेंदिवस रानात उभी राहत असे. डिझेल इंजिन आल्यावर झऱ्यांना धरून राहायचं कारण उरलं नाही. १९८० मध्ये नवी लोहमार्गाची ओळ पश्चिमेला, उंच आणि कोरड्या जमिनीवरून नेली. हायवेनेही तीच दिशा पकडली. ॲलिस ते डार्विन हा तुकडा दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या निकडीपोटी पक्का झाला, पण दक्षिणेकडचा शेवटचा कच्चा भाग डांबरी व्हायला १९८७ उजाडलं. म्हणजे पन्नाशीतल्या ऑस्ट्रेलियन माणसाला इथला चिखल आणि धुरळा स्वतःच्या लहानपणापासून आठवतो. पाण्याची माळ पूर्वेला राहिली आणि नव्या रस्त्याने स्वतःचे झरे निर्माण केले. त्यांना रोडहाउस म्हणतात.

रोडहाउस म्हणजे पंप, खानावळ, किराणा, टायर, न्हाणीघर आणि झोपायला खोली, सगळं एका छपराखाली. पेट्रोल शहरापेक्षा बरंच महाग, आणि घासाघीस करायला दुसरा पंप नाही. शाकाहारी माणसाच्या नशिबी तळलेले बटाटे आणि चीज घातलेलं भाजकं सँडविच. पुढच्या रोडहाउसवरही तेच, म्हणून माझ्या आईने दुसऱ्याच दिवशी कारभार हातात घेतला. पोर्ट ऑगस्टाला घेतलेला तांदूळ, मूगडाळ, बटाटे आणि मोटेलच्या खोलीत लावता येईल असा छोटा विजेचा कुकर, यावर आमचं छान भागलं. फळं मात्र बेताने घ्या. फळमाशी पसरू नये म्हणून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फळं-भाज्या नेण्यावर बंधनं आहेत आणि वाटेत त्या टाकून द्यायला पेट्या ठेवलेल्या असतात. घरून नेलेले लाडू-चिवडा विमानतळावरच्या फॉर्मवर न चुकता लिहा. लिहिलेला पदार्थ बहुधा तपासून परत मिळतो, लपवलेल्याचा दंड भरावा लागतो.

गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे आपल्याला सोपं.  वेगाची मर्यादा दक्षिण ऑस्ट्रेलियात ११०, नॉर्दर्न टेरिटरीत बऱ्याच ठिकाणी १३०. रस्ता इतका सरळ की डुलकी लागायची भीती वेगापेक्षा मोठी. दर दोन तासांनी थांबायचं हा नियम पोरांच्या तगाद्यामुळे आपोआप पाळला जातो.

सूर्य मावळताना आणि उगवताना गाडी चालवायची नाही. कांगारू याच वेळी बाहेर पडतात, दिव्यांनी बिचकतात आणि पळायचं सोडून गाडीच्याच दिशेने उडी घेतात. भाड्याच्या गाड्यांच्या अनेक करारांत शहराबाहेर अंधार पडल्यावर झालेलं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं. ते बारीक अक्षर सही करण्याआधी वाचावं. दिवसा रस्त्यावर मेलेल्या कांगारूवर गरुड बसलेले दिसतात. पंखांचा विस्तार दोन मीटरहून जास्त, पोट भरलेलं, त्यामुळे उडायला वेळ लागतो. लांबूनच वेग कमी केला नाही तर गरुड थेट काचेवर येतो.

आणि रोड ट्रेन. एका ट्रकमागे तीन-तीन ट्रेलर, लांबी ५३.५ मीटरपर्यंत, वजन शंभर टनांच्या वर. समोरून आली की आधी हवेचा धक्का बसतो, गाडी कडेला ढकलली जाते, आणि ती निघून जाताच तितक्याच जोराने आत ओढली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि डांबराच्या आतच राहायचं. मागून ओलांडायची वेळ आली तर समोर किलोमीटरभर तरी मोकळा रस्ता दिसायला हवा. नसेल तर चहाची वेळ झाली असं समजून कडेला थांबावं.

गाडी बंद पडली तर तिला सोडून चालू लागायचं नाही. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. या वाळवंटात जे दगावले त्यांतल्या कित्येकांची गाडी नंतर शाबूत सापडली आहे. मोबाइलला रेंज गावांपुरतीच. माणशी रोजचं पाच लिटर तरी पाणी गाडीत हवं, आणि ते पिण्यासाठी. पोरांना हात धुवायला नव्हे, हे पोरांना रोज नव्याने सांगावं लागतं.

केव्हा जावं? आपली मे महिन्याची सुट्टी इथे अगदी फिट बसते. मे ते ऑगस्ट दिवस सुखद, रात्री मात्र जून-जुलैत तापमान शून्याला टेकतं, तेव्हा स्वेटर हवाच. नाताळच्या सुट्टीत जाऊ नका. तेव्हा दक्षिणेत पंचेचाळीस अंश आणि उत्तरेत पूर. मेलबर्न-सिडनीच्या मराठी घरांतले लोक शाळांच्या जुलैच्या सुट्टीत निघतात, ते शहाणपणाचंच.

कूबर पीडीला मुक्काम जमिनीखाली करायचा. १९१५ मध्ये विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडला आणि गाव वसलं. उन्हाळ्यात वर राहणं अशक्य, म्हणून खाणकामगार डोंगर कोरून आतच राहू लागले. खडकाच्या जाड थरामुळे आत बारा महिने तेवीस ते पंचवीस अंश. घरं, हॉटेलं, सर्बियन लोकांचं देऊळवजा सुरेख चर्च, सगळं खडकाच्या पोटात. आमच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींवर कोरणाऱ्या यंत्राचे गोल ओरखडे, हात फिरवला की बोटांना गुलाबी-पांढरी पूड लागायची आणि दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नसे. धाकटीने रात्रभर बॅटरी सोडली नाही.

गावाबाहेर हजारो उघडी विवरं आहेत. पाटीवर मागे-मागे चालू नका असं चित्र आहे, कारण फोटो काढताना मागे सरकणारी माणसं खरोखर पडली आहेत. त्यापेक्षा खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगांत ओपलचे तुकडे वेचावेत. गावात त्यासाठी सर्वांना मोकळी जागा राखली आहे. दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. पुढे खडकांच्या पोकळ्यांत सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ओळीने रचून बसले आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरला की हिरवा-लाल झळाळ दिसतो. ओपलमध्ये रंगद्रव्य असं काही नसतं. त्याच समुद्रातल्या एका प्राण्याचा ओपल झालेला सांगाडा १९८७ मध्ये इथे सापडला. त्याचं नाव एरिक आणि मुक्काम सिडनीच्या संग्रहालयात.

याच परिसरात डिंगो कुत्र्यांपासून मेंढ्या वाचवणारं, सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचं कुंपण आहे. त्याच्या दक्षिणेला मेंढ्या, उत्तरेला गुरं. तारेची साधी जाळी दिसते, पण एका खंडाची शेती तिने दोन भागांत तोडली आहे.

अर्लडंडाला डावीकडे वळून अडीचशे किलोमीटर गेलं की उलुरू. ३४८ मीटर उंच, ९.४ किलोमीटर घेराचा एकसंध वालुकाश्म. मूळ थर आडवे होते, भूगर्भातल्या दाबाने ते जवळपास उभे झाले, म्हणून अंगावर उभ्या धारा दिसतात. लाल रंग म्हणजे लोहाचा गंज, आतला खडक राखाडी आहे. अनंगू लोकांची ही पवित्र जागा १९८५ मध्ये त्यांना परत मिळाली आणि वर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झालं. शेवटच्या महिन्यांत चढायला रांगा लागल्या होत्या, हे वाचून मला तरी कसंसंच झालं. चढायचं नाही म्हटल्यावर प्रदक्षिणा उरते, आणि देवस्थानाला प्रदक्षिणा घालायची सवय आपल्याला आहेच. साडेदहा किलोमीटर, सकाळी लवकर निघायचं. काही ठिकाणी फोटो मना आहे, तिथे नुसतं पाहावं. इथला दगड खिशात घालून नेलेले कित्येक लोक नंतर माफीच्या पत्रासह तो टपालाने परत पाठवतात.

ॲलिस स्प्रिंग्सची टॉड नदी वर्षातले बहुतेक दिवस वाळूची असते. तिच्या पात्रात दरवर्षी होड्यांची शर्यत होते. बूड नसलेल्या होड्यांत उभं राहून त्या कमरेला धरायच्या आणि पळत सुटायचं. १९९३ मध्ये नदीला पाणी आलं म्हणून शर्यत रद्द झाली. इथली आकाशशाळा १९५१ पासून दूरच्या पशुपालकांच्या मुलांना आधी रेडिओवरून आणि आता उपग्रहावरून शिकवते. सकाळी पाहुण्यांना तास बघता येतो. उडत्या डॉक्टरांची सेवा जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांनी १९२८ मध्ये क्वीन्सलँडमध्ये सुरू झाली. हायवेच्या काही सरळ तुकड्यांवर जाड पांढरे पट्टे रंगवलेले दिसतात, ते तिची विमानं उतरण्यासाठी.

त्याच १९२८ मध्ये, ॲलिसच्या वायव्येला कोनिस्टन परिसरात, एका गोऱ्या शिकाऱ्याच्या खुनानंतर पोलिसांच्या तुकडीने मूळनिवासींना आठवडेच्या आठवडे शोधून मारलं. सरकारी आकडा ३१ होता, खरा त्याहून बराच मोठा मानला जातो. चौकशीने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तो खून पाणवठ्यावरून झाला नव्हता असं म्हणता येईल, पण गोऱ्यांची गुरं पाणवठ्यांवर आल्यापासूनच तिथे तेढ वाढत होती. मुलांना उडत्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली, तर ही दुसरीही सांगावी.

उत्तरेला कार्लू कार्लूचे ग्रॅनाइटचे गोल धोंडे येतात. तिथे रात्री आकाश बघायला थांबावं. वृश्चिक थेट डोक्यावर, त्रिशंकू उंच, आणि ध्रुवतारा कुठेच नाही. इथल्या लोकांनी ताऱ्यांबरोबर ताऱ्यांमधल्या काळ्या पट्ट्यांतही आकृत्या पाहिल्या. त्रिशंकूजवळचा काळा डाग हे इमूचं डोकं, आणि आकाशगंगेतला काळा पट्टा ही त्याची मान आणि धड.

टेनंट क्रीकनंतर हवा बदलते. माणसापेक्षा उंच वारुळं दिसू लागतात, झाडं वाढतात. मटारांकाला चौतीस अंशांचं झऱ्याचं पाणी कुंडात भरलेलं असतं आणि मुलं त्यातून निघत नाहीत. त्यापुढे मात्र पाटी वाचल्याशिवाय कुठल्याही पाण्यात पाय घालायचा नाही. इतके दिवस पाणी नाही म्हणून भीती होती, आता पाण्यात मगर आहे म्हणून.

डार्विन सिडनीपेक्षा जाकार्ताला जवळ आहे. टॉडच्या तारेचं डार्विनचं टोक समुद्राखालच्या केबलने जावा बेटाला जोडलं होतं. संदेश तिथून सिंगापूर, मद्रास, मग जमिनीवरून मुंबई आणि पुन्हा समुद्राखालून एडनमार्गे लंडनला जात. पूर्वी जहाजाने महिने लागत, ते काम तासांवर आलं. मुंबईला परतायचं तर आजही डार्विन-सिंगापूर-मुंबई हाच मार्ग सोयीचा. गाडी डार्विनलाच सोडून द्यावी. एकेरी भाड्याचा जादा आकार ऐकून डोळे पांढरे होतात खरे, पण लेकराबाळांसह तीन हजार किलोमीटर उलटं जाण्याचं पेट्रोल आणि मोटेल यांची बेरीज करून पाहिली, तर तो मुकाट्याने भरावासा वाटतो.